पलीकडच्याचा भात

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चंदीगडला बत्तीस सेक्टरच्या सरकारी इस्पितळात झालं. डोळा चांगला झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते थेंबांबद्दल. दोन प्रकारचे थेंब होते, दिवसातून चार वेळा. एक घातला की दुसरा लगेच घालायचा नाही, मध्ये दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, असं तिथल्या नर्सने बजावलं होतं. मला दिवसाउजेडी आडवं व्हायची सवय नाही. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी उठून बसले आणि नातीची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिने युक्ती काढली. पहिला थेंब घालायचा आणि दुसऱ्या थेंबापर्यंत ती लिहीत असलेली गोष्ट मला वाचून दाखवायची.

गोष्ट हिंदीत होती. ह्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. बापाच्या बदल्यांबरोबर पाच गावं फिरली, त्यात मराठी कानात राहिली आणि तोंडातून गेली. माझा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. सुनेची नोकरी नागपूरला, तिची बदली झाली नाही. म्हणून स्वयंपाकाला आणि घरात मोठं माणूस हवं म्हणून मी इथे चंदीगडला आले. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून मनीमाजऱ्याच्या बाजारात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, त्याला आता चार वर्षं झाली. खाली रजयांचं दुकान आहे. थंडी आली की कापूस पिंजल्याची धूळ आमच्या जिन्यापर्यंत येते.

नात बी.ए. झाली आणि नोकरी शोधायची सोडून गोष्ट लिहायला लागली. फोनवर ऐकायच्या गोष्टी असतात, त्यातली एक. लोक गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतात. दर सोमवारी आणि गुरुवारी एक भाग. हिची गोष्ट अशी, की फार जुन्या काळी एक दुष्ट देव होता. बाकीच्या देवांनी मिळून त्याला डोंगराच्या पोटात बांधून टाकलं. आता हजारो वर्षांनी त्याच्या बेड्या ढिल्या झाल्या आहेत, आणि एक मुलगी तलवार घेऊन त्याला अडवायला निघाली आहे. ऐंशीच्या वर भाग झाले होते आणि ती मुलगी अजून वाटेतच होती.

तीन दिवस मी मुकाट ऐकलं. चौथ्या दिवशी विचारलं, "हा करतो काय?"

"कौन?"

"तुझा देव. डोंगरातला."

"क़ैद है, आजी. आज़ाद होना चाहता है."

"ते कळलं. पण दिवसभर काय करतो?"

"गरजता है. हँसता है."

"हजार वर्षं?"

"हाँ."

"घसा नाही बसला?"

"आजी!"

"आणि जेवतो काय?"

"देवता है यार, आजी. देवता खाते नहीं."

"मग मी रोज देवापुढे वाटी कुणासाठी ठेवते? तुझ्या बापासाठी?"

तिने दुसरा थेंब घातला तो गालावर. मी डोळा उघडून पाहिलं तर तिचे डोळे माझ्यापेक्षा लाल होते. मी म्हटलं, काय झालं ते सरळ सांग, माझ्याकडे अजून तीन वेळा थेंब आहेत, पण तुझ्याकडे वेळ दिसत नाही.

तिने सांगितलं. गोष्ट चालवणाऱ्या कंपनीकडून निरोप आला होता. ऐकणारे निम्म्याने कमी झाले आहेत. लोक लिहितात की ह्या देवाची भीती वाटत नाही. एकाने तर लिहिलं होतं, याच्यापेक्षा माझे पप्पा भयंकर आहेत. कंपनीने दहा भाग दिले होते. दहा भागांत लोक परतले तर ठीक, नाहीतर गोष्ट बंद. आणि गोष्ट बंद झाली तर बापाने ठरवून ठेवलं होतं, चौतीस सेक्टरला बँकेच्या परीक्षेचा क्लास. त्याने फॉर्मही आणून टीव्हीवर ठेवला होता.

"मुझसे बैंक नहीं होगा," ती म्हणाली. "मर जाऊँगी."

"बँकेत बसून कुणी मरत नाही," मी म्हटलं. "पण तुला नको असेल तर नको. तुझा देव खोटा आहे. बांधून ठेवलेला देव मी पाहिलाय, तो असा नसतो."

ती हसली नाही. वही घेऊन माझ्या पायाशी बसली. मग मी तिला पलीकडच्याबद्दल सांगितलं. हे मी आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. भीती वगैरे नव्हती. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

माझं सासर साताऱ्याकडे, पाटण भागात. गावाला एक ओढा होता आणि ओढ्यापलीकडे एका कपारीत एक दगड होता, तोंड कातळाकडे करून ठेवलेला. म्हणजे पाठ आपल्याकडे. त्याच्याभोवती जमिनीत पाच लोखंडी खिळे ठोकलेले होते. त्याचं नाव कुणी घेत नसे. पलीकडचा, एवढंच म्हणत. कधीकाळी त्याने गावात पटकी आणली, माणसं मेली, म्हणून जुन्या लोकांनी त्याला मंत्र घालून तिथे बांधला, असं सांगत. मारता येत नाही, कारण देव आहे. सोडता येत नाही, कारण वाईट आहे. म्हणून बांधला. आणि बांधला म्हणून त्याला खायला घालायची जबाबदारी बांधणाऱ्यांवर आली. ते बांधणारे म्हणजे माझ्या नवऱ्याचं घराणं. दर अमावास्येला दिवस मावळायच्या आत आमच्या घरातून त्याला भात जायचा. अळणी, हातभर केळीच्या पानावर. भात ठेवायचा आणि मागे न बघता परत यायचं.

हा भात न्यायचं काम सुनेचं. घरातल्या मुलीने न्यायचा नाही, कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, तिच्या पाठोपाठ तोही जाईल. पुरुषांनी न्यायचा नाही, कारण बांधलं ते पुरुषांनी, त्यांच्यावर त्याचा राग. उरली सून. ती कुठे जात नाही आणि तिच्यावर कुणाचा राग असला तरी चालतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते, चौथी शिकलेली. पहिल्याच अमावास्येला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता माझं सुटलं. तुझं लागलं."

मला भीती वाटली ती पहिल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळेपासून मी अमावास्येची वाट बघायला लागले. कारण साधं आहे. त्या घरात मी एकटी अशी कुठेच नसे. पाण्याला गेले तरी चौघी बरोबर, शेतात गेले तरी बरोबर, झोपायलासुद्धा भिंतीपलीकडे खोकणारा सासरा. ओढ्यापलीकडे मात्र कुणी येत नसे. त्या जागेला सगळे भीत. तिथे जायला-यायला मिळून जो अर्धा तास लागायचा तो माझा एकटीचा होता. आणि माणूस एकटं असलं की बोलतं. मी त्या दगडाशी बोलायला लागले. आधी उगीच, आज भात जरा करपलाय, असं. मग घरातलं. कोण काय बोललं, कुणी कुणाचं काय लपवलं, जावेने तूप कुठे ठेवलंय. सगळं.

"सब कुछ?" नातीने विचारलं.

"सगळं. त्याची पाठ माझ्याकडे होती ना. पाठीशी बोलणं सोपं जातं."

"और वो?"

"तो दगड गं. तो काय बोलणार? पण ऐकून घेई. त्या घरात ऐकून घेणारा तो एकटाच."

मग मला सुचलं ते मी तिला सांगितलं. माझ्याआधी आत्याबाई जात होत्या, त्यांच्याआधी त्यांची सासू, तिच्याआधी तिची. त्यासुद्धा माणसंच होत्या, त्याही बोलल्या असणार. म्हणजे तो जर खरंच देव असेल, तर त्याला आमच्या घराचं आणि आमच्या तोंडून अख्ख्या गावाचं आतलं माहीत. किती पिढ्यांचं. कुणाचा बाप कोण हेसुद्धा. असा देव कशाला ओरडेल? त्याला ओरडायची गरजच नाही.

नात वहीत लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बघतेस काय? दहा मिनिटं झाली, थेंब घाल."

पण खरी गोष्ट पुढे होती. ती तिने संध्याकाळच्या थेंबांना काढून घेतली.

दुसऱ्या वर्षी माहेरून निरोप आला की माझे वडील अंथरुणाला खिळलेत, बघायला पाठवा. आत्याबाई म्हणाल्या, सुगी आटपू दे, मग जा. सुगी आटपायच्या आत वडील गेले. मी रडले वगैरे, ते सोडा. पुढच्या अमावास्येला मी भात ठेवला आणि त्याला म्हटलं, "हिचं चालणं बंद कर." मरण नाही मागितलं. चालणं मागितलं. तिने मला जाऊ दिलं नाही, आता तिने कुठे जाऊ नये, असा माझा हिशेब होता.

महिन्याभरात आत्याबाई माळ्यावरून शेंगांचं पोतं काढताना शिडीवरून पडल्या. खुबा मोडला. तेव्हा आमच्याकडे असल्या हाडाला करणार काय, हाडवैद्याने झाडपाला बांधला आणि गेला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

आता मी काय केलं ते सांगते. मला वाटलं, हा सुटला. माझ्या तोंडाने सुटला. आता गावात पटकी येणार आणि मी कारण. म्हणून पुढच्या अमावास्येला मी पदराखाली घरातली हातोडी घेऊन गेले. खिळ्यांना हात लावायचा नाही हा पहिला नियम होता, पण मला वाटलं, खिळे वर आले असतील, चार ठोके घालून आत बसवावेत. दोन नीट बसले. तिसऱ्यावर हातोडी मारली आणि तो मोडला. आतून गंजून भुसा झाला होता. वरचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला.

तो मी ओढ्यात टाकला आणि घरी आले. भाकरी थापली. भाकरी जाड झाल्या, त्यावर बोलणी बसली. मग मी वाट बघत राहिले. एक महिना, दोन महिने, वर्ष. काही झालं नाही. ना पटकी आली, ना कुणी मेलं. दर अमावास्येला मी जायचे, चार खिळे आणि एक भोक बघायचे आणि भात ठेवून यायचे. बोलणं मात्र बंद केलं.

शिक्षा झाली ती दुसऱ्याच वाटेने. आत्याबाई अकरा वर्षं अंथरुणावर होत्या. अकरा वर्षं त्यांचं उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, सगळं माझ्या अंगावर. मागताना मी हे डोक्यातच घेतलं नव्हतं, की जिचं चालणं बंद होणार तिचं सगळं कुणी करायचं? सुनेने. दुसरं कोण.

नातीने वही मिटली. मग म्हणाली, "आजी, ये मैं ले लूँ?"

"घे. माझ्याजवळ ठेवून मी काय त्याचं लोणचं घालू?"

"बाबा सुनेंगे तो?"

"तुझा बाप तुझी गोष्ट ऐकतो कुठे?"

तिने देव बदलला. तलवारवाली मुलगी वाटेतच ठेवली आणि गोष्ट त्या मुलीच्या आईकडे नेली. ही आई डोंगराच्या भुयारात त्या देवाला भात नेणारी. तिच्याआधी तिची सासू न्यायची. देवाचा आवाज पहिल्यांदा येतो तेव्हा तो एवढंच म्हणतो, "आ गई? आज देर कर दी." हे वाक्य तिने मला वाचून दाखवलं तेव्हा डोळे मिटलेले असूनही माझ्या अंगावर काटा आला, आणि मी सहसा घाबरत नाही.

पण वाक्य लिहून भागत नाही, कुणीतरी ते म्हणावं लागतं. आवाज भरायची जागा इंडस्ट्रियल एरियात होती, लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खाली पत्रा ठोकत असतात, म्हणून ह्यांचं काम दुपारी एक ते दोन, कारागीर जेवायला गेले की. नातीने मला बरोबर नेलं. डोळ्यावर काळा चष्मा लावून मी तिथे एका कोपऱ्यात स्टुलावर बसले.

देवाचा आवाज देणारा एक सरदारजी होता, माझ्या मुलाच्या वयाचा, चांगला दणकट. छोले-कुलचे खाऊन, हात पुसून आला, कागद बघितला आणि माइकसमोर उभा राहून असा ओरडला, "आऽऽ गई! आज देऽऽर कर दी!" की खालच्या कारखान्यात कुणाचा तरी डबा पडला.

नात हळूच म्हणाली, "अंकल जी, थोड़ा धीरे."

"बेटा, राक्षस है."

"देवता है."

"बुरा वाला ना? तो बात एक ही है." त्याने तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा तसंच. घड्याळात दीड वाजला होता. नातीचा चेहरा उतरला. दहापैकी पहिला भाग हाच होता आणि तो दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

मी उठले. माझी हिंदी मोडकी आहे, पण काम भागतं. मी म्हटलं, "भाईसाहब, आप ये काम कितने साल से करते?"

"बीजी, बीस साल से रामलीला में रावण हूँ," तो छाती पुढे काढून म्हणाला. इथे म्हाताऱ्या बाईला बीजी म्हणतात.

"रावण को देखने लोग टिकट निकाल के आते. इसके पास कोई आता नहीं. इसके पास महीने में एक बार एक औरत आती, वो भी डर के. ये उसको भगाएगा क्या चिल्ला के?"

त्याने हातातला कागद खाली केला.

"आपकी घरवाली शाम को क्या करती, आप घर जाते तब?"

"सब्ज़ी काटती है. और क्या."

"आपको देर हुई तो?"

त्याने दाढी खाजवली. "ऊपर नहीं देखती जी. काटती रहती है. बस पूछती है."

"कैसा लगता?"

"ओ बीजी," तो म्हणाला, "जान निकल जाती है."

"मग तसं म्हण," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

तो परत माइकसमोर गेला. ह्या वेळी त्याने मान खाली घातली, जणू हातात सुरी आहे, आणि वर न बघता, साध्या आवाजात म्हणाला, "आ गई? आज देर कर दी." यंत्रावर बसलेली मुलगी होती, तिने कानावरचं काढलं आणि दोन्ही दंड चोळले. सरदारजी स्वतःच म्हणाला, "वाहेगुरू." दोनच्या आत अख्खा भाग झाला. खाली पत्रा ठोकायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही जिना उतरत होतो.

त्यानंतरचे भाग मी थेंबांशिवाय ऐकले, कारण थेंब संपले होते. पाचव्या भागात ती बाई देवाकडे आपल्या सासूचं चालणं मागते. त्या गुरुवारी मुलगा ऑफिसातून आला आणि बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी भेंडी चिरत होते.

"आई, आमच्या ऑफिसातल्या एका बाई हिची गोष्ट ऐकतात. आज डबा खाताना सगळ्यांना लावून दाखवली."

"बरं."

"ती कपार, ते खिळे, सुनेने भात न्यायचा. ते आपलं गाव आहे."

"आहे."

"आणि ते मागणं? तेसुद्धा आपलं आहे?"

मी सुरी खाली ठेवली. खोटं बोलायचं वय माझं कधीच गेलं. "आहे. मी मागितलं होतं."

हा मुलगा आत्याबाईंच्या अंथरुणात वाढला. मी शेतात असायचे, तो त्यांच्या कुशीत. त्याला पाढे त्यांनी शिकवले, स्वतःला वाचता येत नसताना. तो जवळ येऊन बसल्याशिवाय त्या जेवत नसत. त्याचा चेहरा मला बघवला नाही, पण मी बघितला.

"आज्जीला तू..." तो म्हणाला. मग मुलीकडे वळला. "आणि तू हे विकायला काढलंस? जगाला ऐकवायला? बंद कर. आजच्या आज सांग त्यांना."

नात भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, पाँच एपिसोड बाक़ी हैं. अभी लोग लौट रहे हैं."

"लोक गेले खड्ड्यात."

"तिला बोलू नकोस," मी म्हटलं. "मी दिलंय तिला. आणि अर्धं ऐकून भांडायला उभा राहू नकोस, बस."

तो बसला नाही, पण गेलाही नाही. मग मी त्याला उरलेलं सांगितलं, जे नातीलाही सांगितलं नव्हतं. आत्याबाईंच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. मी त्यांची पाठ पुसत होते. पडून पडून पाठीला जखमा होत, त्या रोज पुसाव्या लागत. त्या अचानक म्हणाल्या, "पलीकडच्याला काय मागितलं व्हतंस गं?"

माझा हात थांबला. मी म्हटलं, "काही नाही."

"लबाड हाईस. समद्या मागत्यात. म्याबी मागितलं व्हतं. माझ्या सासूचं मरान."

"मग?"

"मग काय. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटून नव्वद वर्साची हून मेली म्हातारी." आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली, मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "तुझं बरं ऐकलं त्यानं. जा, त्या कोपऱ्यावर न्हाई पुसलंस, तिथं पूस." पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही. पण त्या दिवसापासून त्या मला नावाने हाक मारायला लागल्या. तोवर 'ए' होते.

"त्यांना ठाऊक होतं," मी मुलाला म्हटलं. "त्यांनी माझ्याकडून करून घेतलं आणि मी केलं. अकरा वर्षं. तू कुशीत झोपायचास ते अंथरूण रोज कोण धुवायचं? तुला राग धरायचा असेल तर धर. पण आमच्या दोघींचं आम्ही तिथेच मिटवलंय. तुला मध्ये पडायचं कारण नाही."

तो बूट काढायला बाहेर गेला. त्या दिवशी तो जेवला, पण बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा मला कळलं की घर परत जागेवर आलं. मात्र 'बंद कर' हे त्याने मागे घेतलं नव्हतं, आणि नातीने बंद केलं नव्हतं. ती तिच्या खोलीत लिहीत होती, तो बाहेर पेपर वाचत होता, आणि दोघांचा चहा मी वेगवेगळा नेत होते.

सहाव्या भागात तिने आत्याबाईंचं हसणं घातलं. ते मला विचारून घातलं नाही, आणि बरं केलं. गोष्टीतली सासू सुनेला सांगते की मीही मागितलं होतं, आणि भुयारातला देव ते ऐकून पहिल्यांदा गप्प होतो. कारण त्याला वाटत असतं की ह्या बायकांचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, आपण एकीला दुसरीविरुद्ध वापरू. आणि त्या दोघी आपापसात बोलल्या हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. हे तिचं.

दहावा भाग गेला त्यानंतरच्या शनिवारी निरोप आला. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, मक्याची रोटी केली होती, इथे राहून मला ती जमायला लागली आहे. नातीने फोन बघितला, वाचला, पुन्हा वाचला.

मुलाने विचारलं, "काय म्हणतात?"

"चालू रहेगा. साठ एपिसोड और."

"मग ती बँकेची परीक्षा?"

"नहीं दूँगी, बाबा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? तिने सांगितलं ना."

तो रोटीचा तुकडा मोडत राहिला. मोहरीच्या पाल्याचा साग घेतला, खाल्ला. मग मुलीला म्हणाला, "त्या सहाव्या भागात म्हातारी हसते ना. आज्जी तशी हसत नसे. ती आवाज न करता हसायची. नुसतं पोट हलायचं."

"आपने सुना?"

"ऑफिसात सगळे ऐकतात," तो म्हणाला. "मला काय कान नाहीत?"

नातीने हात धुतले नाहीत, तसाच फोन उचलला आणि सरदारजींच्या तिथल्या त्या यंत्रावरच्या मुलीला लावला. सासूचं हसणं पुन्हा भरता येईल का, विचारायला लागली. मुलगा तिच्या हातवाऱ्यांकडे बघत होता आणि मध्येच सांगत होता, "आवाज नको म्हणावं. फक्त श्वास." मी दोघांच्या ताटात आणखी एकेक रोटी वाढली.